एक किलो तूरडाळ आणि एक कॅमेरा

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या मनूचा फोन आला. मनू म्हणजे माझी नात, लेकीची लेक. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला असते. माझा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना ती माहीत आहेच. मागे "नातीने शिकवलेलं टायपिंग" लिहिलं होतं, तीच ही.

"आजी, तुला १२० चा रोल कॅमेऱ्यात घालता येतो का गं?"

मी म्हटलं, "येतो म्हणजे काय! उन्हात पदराखाली धरून घातलाय."

तर झालं होतं असं, की येत्या उन्हाळ्यात ती जॉन म्युअर ट्रेल चालायला निघाली आहे. योसेमिटीच्या दरीतून सुरू होऊन माउंट व्हिटनीच्या शिखरापर्यंत जाणारी ही पायवाट २११ मैलांची, म्हणजे जवळजवळ ३४० किलोमीटर. शेवटचं शिखर १४,५०५ फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, त्यावरून अंदाज करा. साधारण तीन आठवडे लागतात. तंबू, अंथरूण, जेवण सगळं स्वतःच्या पाठीवर. शिवाय अस्वलांपासून अन्न वाचवायला एक कडक प्लॅस्टिकचा डबा जवळ बाळगावा लागतो, तो रिकामाच किलोभराचा. आणि एवढं सगळं घेऊन बाईसाहेबांना त्यात फिल्मचा मीडियम फॉरमॅट कॅमेरा न्यायचा होता! कोणता नेऊ, हा प्रश्न.

आता मी काही फोटोग्राफर नाही. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. पण १९७२ साली पहिल्या पगारातून साठवून मी आग्फा क्लिक थ्री घेतला होता, बडोद्याला बनायचा तो. शटरचा वेग एकच, मागे लाल काचेची छोटी खिडकी, त्यातून आकडा बघत रोल फिरवायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या अनेकांचे बारशाचे नि मुंजीचे फोटो याच कॅमेऱ्याने काढलेले असणार. तो कॅमेरा मीडियम फॉरमॅट होता हे मला परवा मनूने सांगितलं. इतकी वर्षं मी मोठ्या लोकांच्या पंक्तीत बसले होते आणि मला पत्ताच नव्हता!

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण पुढे जे छत्तीस फोटोंचे रोल वापरले, ते ३५ मिलिमीटरचे. त्यातलं एक चित्र २४ बाय ३६ मिलिमीटर. १२० चा रोल सुमारे ६ सेंटिमीटर रुंद. कोडॅकने तो १९०१ साली ब्राउनी नंबर टू या साध्या खोक्याच्या कॅमेऱ्यासाठी काढला आणि आश्चर्य म्हणजे तो आजही बनतो. त्यातलं चौकोनी चित्र लहान चित्राच्या साडेतीनपट मोठं असतं. म्हणून डोंगराचा फोटो मोठा केला तरी खडकाची रेघन् रेघ दिसते. पण चित्र मोठं, म्हणजे भिंग मोठं, म्हणजे पेटी मोठी, म्हणजे वजन. सगळी भानगड इथेच आहे.

मनूने मला नावं पाठवली. पेंटॅक्स ६७, भिंगासकट दोन किलोच्या वर. हॅसलब्लाड, दीड किलो. मामिया सेव्हन, १९९५ सालचा, भिंगासकट सुमारे बाराशे ग्रॅम. हा तिच्या मनात भरलेला, पण जुना घ्यायचा तरी किंमत ऐकून मी खुर्चीत नीट बसले. फुजीचा जीए ६४५, तोही १९९५ चाच, आठशे ग्रॅमच्या थोडा वर. आणि शेवटी १९५० च्या दशकातले जर्मन फोल्डिंग कॅमेरे, पुस्तकासारखे मिटणारे. पेटीच्या भात्यासारखा काळा भाता आत असतो ते. हे साधारण पाचशे-सहाशे ग्रॅमचे.

मी म्हटलं, मला दोन दिवस दे. वजनाचा प्रश्न आला की माझ्यातली इतिहासाची बाई जागी होते. कारण माझ्या मते कॅमेरा डोंगरावर नेण्याचा इतिहास म्हणजे ओझं कोणी वाहिलं याचाच इतिहास आहे.

आपल्या हिमालयापासूनच बघा. सॅम्युअल बोर्न नावाचा इंग्रज १८६३ साली हिंदुस्थानात आला. पुढे कलकत्त्याची बोर्न अँड शेफर्ड ही प्रसिद्ध फोटो कंपनी त्याच्याच नावाची, ती थेट २०१६ साली बंद झाली. या माणसाने १८६३ ते १८६६ मध्ये हिमालयात तीन मोठ्या सफरी केल्या. तेव्हा रोल नव्हताच. काचेवर ओलं रसायन पसरायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच तिथल्या तिथे धुवायची. म्हणजे काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधारी खोली म्हणून एक तंबू, हे सगळं डोंगरावर न्यायचं. पहिल्याच सफरीत त्याच्याबरोबर तीसेक हमाल होते. १८६६ साली तो गोमुखापर्यंत गेला आणि मणिरंग खिंडीत १८,६०० फुटांवर त्याने फोटो घेतले. आजच्या माणसालाही धाप लागेल अशी ही कामगिरी, त्याबद्दल वाद नाही. पण हमाल वाटेत पळून गेल्याच्या आणि त्यांना काठीने हाणून कामाला लावल्याच्या हकिकती त्यानेच लिहून ठेवल्या आहेत. फोटो बोर्नचे. काचा कोणी उचलल्या, त्यांची नावं कुठे आहेत?

मनू जिथे चालणार त्या सिएरा नेवाडाचा फोटोग्राफर म्हणजे अॅन्सेल अॅडम्स. १९१६ साली चौदा वर्षांचा असताना तो पहिल्यांदा योसेमिटीला गेला, तेव्हा आईवडिलांनी त्याला एक ब्राउनी दिला होता. पुढे १० एप्रिल १९२७ ला हाफ डोम या प्रचंड कड्याचा फोटो घ्यायला तो बर्फातून वर चढला. बरोबर होणारी बायको आणि मित्र. पाठीवर मोठा लाकडी कॅमेरा, तिकाटणं आणि काचेच्या फक्त बारा प्लेटा. हाफ डोमसमोर पोचला तेव्हा दोनच शिल्लक होत्या. एक पिवळा फिल्टर लावून वापरली, मग वाटलं की आकाश हवं तसं काळं येणार नाही, म्हणून शेवटची लाल फिल्टर लावून वापरली. तोच त्याचा गाजलेला फोटो. मनूच्या वाटेचा काही भाग ज्या रानातून जातो, त्या रानाला १९८४ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. मला यात आवडलं ते हे, की हे ओझं त्याने स्वतः उचललं होतं. आणि ओझं स्वतःचं असलं की माणूस प्लेटा मोजून वापरतो.

मग रोल आला, भात्याचे कॅमेरे आले आणि वजन उतरत गेलं. १९२४ साली एव्हरेस्टवर मॅलरी आणि आयर्व्हिन ८ जूनला ढगात दिसेनासे झाले. त्यांच्याजवळ खिशात मावणारा कोडॅकचा छोटा घडीचा कॅमेरा होता असं मानतात, सॉमरव्हेल या सोबत्याने दिलेला. त्यातला रोल १२० पेक्षा अरुंद असायचा. मॅलरीचं शव १९९९ साली सापडलं, आयर्व्हिनचे अवशेष २०२४ साली. कॅमेरा अजून नाही सापडला. म्हणजे इतक्या उंचीवर नेण्याजोगा कॅमेरा शंभर वर्षांपूर्वीच तयार झाला होता.

आणि वजनाची सगळ्यात मोठी गंमत १९६९ ची. चंद्रावर गेलेल्या आर्मस्ट्राँगच्या छातीवर हॅसलब्लाड होता. परत येताना फिल्मच्या डब्या तेवढ्या काढून घेतल्या आणि तो कॅमेरा तिथेच टाकून दिला, कारण साडेएकवीस किलो दगडमाती आणायची होती! आमच्या शाळेत सहलीला मुलं डबे विसरून यायची तेव्हा मी ओरडायचे. इथे मुद्दाम विसरून आले.

असो. मूळ मुद्द्यावर येते. दोन दिवसांनी मी मनूला फोन केला आणि म्हटलं, "कॅमेरा नंतर घे. आधी एक किलो तूरडाळ घे."

तिला वाटलं आजीचं काहीतरी बिनसलं. मी समजावून सांगितलं. तिकडच्या इंडियन स्टोअरमध्ये दोन पौंडांची पिशवी मिळते, म्हणजे किलोला थोडी कमी. त्यात घरातली दीड-दोन वाट्या डाळ घाल, की झाला मामिया सेव्हन. ती पिशवी एका डब्यात भर, पाठीवर सगळं सामान घे आणि डोंगर चढ. जिथे फोटो काढावासा वाटेल तिथे थांबायचं, डबा बाहेर काढायचा, डोळ्याला लावायचा, परत ठेवायचा आणि कागदावर एक रेघ मारायची.

आमची नात गुणाची आहे. फ्रीमॉन्टजवळ मिशन पीक म्हणून डोंगर आहे, अडीच हजार फुटांचा. त्यावर ती शनिवारी खरोखर डाळ घेऊन गेली. येणारे-जाणारे बघत होते म्हणाली. एकाने विचारलंही की यात काय आहे. हिने सांगितलं, "आमटी."

पहिल्या तासात रेघा सात. दुसऱ्या तासात तीन. त्यानंतर शून्य! उतरताना संध्याकाळचं पिवळं ऊन गवतावर पडलं होतं, दिवसातला सगळ्यात चांगला उजेड, आणि तिने डबा बाहेर काढला नाही. पाठपिशवी उतरवायचा कंटाळा आला. पुढच्या शनिवारी सहाशे ग्रॅम डाळ, आणि डबा पाठीवर नाही तर पट्ट्याला पुढे छातीशी अडकवलेला. रेघा सतरा, त्यातल्या पाच उतरताना.

मला वाटतं कॅमेऱ्याचं वजन दुकानात कळत नाही. ते दुपारी चारनंतर कळतं.

हे मला का सुचलं, ते आता सांगते. हे मी यापूर्वी कुठे लिहिलेलं नाही.

१९७७ च्या डिसेंबरात आम्ही चौघं हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. मी, आमचे हे, आणि शाळेतले दोघं सहकारी. माझा क्लिक थ्री होताच, पण ह्यांना कोकणकड्याचा मोठा फोटो करून भिंतीवर लावायचा होता. म्हणून ओळखीच्या एका फोटोवाल्याकडून दोन भिंगांचा यशिका मागून आणला, वरून खाली बघायचा तो. चामड्याची जाड पेटी, शिवाय लाकडी तिकाटणं. खिरेश्वरला पोचेपर्यंतच ह्यांचा खांदा भरून आला. गावातून वाटाड्या म्हणून एक मुलगा घेतला. तेरा-चौदा वर्षांचा असेल, माझ्या आठवीतल्या मुलांएवढाच. टोलार खिंडीच्या पायथ्याशी ह्यांनी पेटी आणि तिकाटणं त्याच्याकडे दिलं. तो अनवाणी होता. पेटी गळ्यात, तिकाटणं खांद्यावर, आणि तरी आमच्या पुढे. दर वळणावर आमची वाट बघत उभा राहायचा.

दोन रोल होते, म्हणजे चोवीस फोटो. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराच्या गुहेतलं पाण्यातलं लिंग आणि तो एकच उरलेला खांब, तारामतीवरून दिसणारा मुलूख, कोकणकडा सहा वेळा. आमचे चौघांचे निरनिराळ्या ठिकाणी उभे राहून. कोकणकड्याचा फोटो खरोखर सुंदर आला. तो बारा बाय बाराचा करून आमच्या बाहेरच्या खोलीत लावला, अजून आहे. पाहुणे विचारतात, कोणी काढला? मी सांगते, ह्यांनी.

मुलाचा फोटो एकही नाही. चोवीसात एक नाही. एका फोटोत देवळाच्या पायरीवर ती चामड्याची पेटी ठेवलेली दिसते, तेवढीच त्याची खूण. उतरल्यावर आम्ही त्याला पाच रुपये आणि उरलेल्या दशम्या दिल्या. तो खूश होऊन गेला, आम्हीही खूश.

मी वर्गात मुलांना विचारायची, हा किल्ला कोणी बांधला? मुलं राजाचं नाव सांगायची. मग मी म्हणायची, राजाने हुकूम दिला, पण दगड कोणी वाहिले? हा प्रश्न मी इतकी वर्षं मोठ्या ऐटीत विचारला. आणि माझ्याच भिंतीवरच्या फोटोला तो विचारावा हे मला बोर्नच्या हमालांबद्दल वाचेपर्यंत सुचलं नाही.

मनूला हे सांगितलं तेव्हा तिने अगदी साधेपणाने विचारलं, "आजी, त्याचं नाव काय होतं?"

मला आठवेना. त्याने सांगितलं होतं, हे नक्की. ह्यांना आठवलं असतं कदाचित, पण ह्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी बराच वेळ एकेक नाव मनात म्हणून बघितलं. एकही पटलं नाही. तो मुलगा आता साठीचा असेल. मी त्याला त्या दिवशी विचारलंही नाही की जड होतंय का.

असो. कॅमेऱ्याचं काय झालं ते सांगून थांबते.

मनूने शेवटी झाइस इकॉनचा नेटार घेतला, १९५० च्या दशकातला, ६ बाय ६ चा. वजन साधारण सहाशे ग्रॅम, मिटला की जाड डायरीएवढा. आग्फाचे इसोलेट स्वस्त मिळतात, पण त्यांच्या भात्यांना कोपऱ्यात बारीक भोकं पडलेली असतात आणि भिंगाचं वंगण घट्ट होऊन बसलेलं असतं. झाइसचे भाते टिकाऊ निघाले. कोणी घेणार असाल तर अंधाऱ्या खोलीत भाता उघडून आतून विजेरी लावून बघा. चांदण्या दिसल्या तर परत करा. फुजीचा जीए ६४५ सोपा होता, आपोआप फोकस करणारा, पण तो सगळा बॅटरीवर चालतो आणि बिघडला तर दुरुस्त करणारा मिळणं मुश्कील. नेटारला बॅटरीच नाही. अंतर डोळ्यांनी मोजायचं आणि कडीवर लावायचं. त्यावर दोन लाल ठिपके असतात, अंतराचा एक आणि छिद्राचा एक. ते दोन्ही लावले की थोड्या अंतरापासून लांबपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. उजेडाचं गणित मी तिला शिकवलं, म्हणजे आमच्या वेळच्या फोटोवाल्यांचंच: लख्ख ऊन असेल तर छिद्र १६ आणि वेग फिल्मच्या आकड्याएवढा. शंभरची फिल्म, तर सेकंदाचा शंभरावा भाग. ढग आले की छिद्र एक घर मोठं. तिच्याबरोबर दहा रोल जाणार, म्हणजे एकशेवीस फोटो आणि वजन पाव किलोच्या आसपास. विमानात नेणार असाल तर रोल हातात घ्या आणि हाताने तपासायला सांगा, नव्या स्कॅनरने फिल्म खराब होते. तिकाटणं मात्र मी नको म्हटलं. दगडावर टेकव म्हटलं.

आणि मग मी तिला विचारलं, तीन आठवड्यांचं जेवण तू एकदम कसं उचलणार? ती म्हणाली, "एकदम नाही गं. अर्ध्या वाटेवर एक रँच आहे, म्युअर ट्रेल रँच. आधी बादलीत भरून पोस्टाने पाठवायचं. ट्रकने, मग बोटीने तलाव ओलांडून, आणि मग शेवटचा टप्पा खेचरांवरून किंवा गाडीने तिथे पोचतं."

म्हणजे बघा. मी समजत होते की माझी नात सगळं ओझं स्वतः वाहणार, आणि इतिहास इथे संपला. पण तिचीही बादली कोणीतरी उचलतंच.

मी तिला म्हटलं, "मनू, एकशेवीसातला एक फोटो तिथे काढ. बादली हातात देणारा जो कोणी असेल त्याचा. विचारून काढ. आणि नाव लिहून घे, वहीत, तिथल्या तिथे. नंतर आठवत नाही."

"दोन काढीन," ती म्हणाली. "एक त्याला पाठवायला."

हे मात्र मला सुचलं नव्हतं.

जुलैच्या शेवटी निघेल. परत आली की फोटो इथे टाकीनच. तोवर, खिरेश्वर भागातला कोणी हे वाचत असेल, किंवा तुमच्या ओळखीचं तिकडे कोणी असेल, आणि साधारण साठीच्या एखाद्या गृहस्थाला १९७७ च्या डिसेंबरात पुण्याच्या मास्तरांचा कॅमेरा गडावर नेल्याचं आठवत असेल, तर मला जरूर कळवा. फोटो काढायला थोडा उशीर झाला आहे, पण क्लिक थ्री अजून चालतो.